ईएल ८४ पुश-पुल: कोणत्या टप्प्याला कोणता व्हॉल्व्ह?

प्रश्न:
मुल्लार्ड या व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) बनवणाऱ्या कंपनीच्या ५-१० या जुन्या आराखड्यावरून दहा वॅटचा मोनो अ‍ॅम्प्लिफायर जुळवला आहे. पहिल्या टप्प्याला ईएफ ८६, फेज स्प्लिटरला (संकेताच्या परस्परविरुद्ध अशा दोन प्रती करणाऱ्या टप्प्याला) ईसीसी ८३ आणि शेवटी ईएल ८४ ची एकमेकींच्या उलट चालणारी, म्हणजे पुश-पुल, जोडी अशी व्हॉल्व्हची मूळ मांडणी आहे. ईसीसी ८३ च्या जागी ईसीसी ८२ लावल्यास आवाज अधिक स्वच्छ येतो, असे एका दुकानदाराचे म्हणणे आहे. शिवाय ईएफ ८६ ला पेन्सिलीने हलकी टिचकी मारली, तरी स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमतो. पैसे बेताचेच असल्याने ते कोणत्या टप्प्यावर खर्चावेत?

उत्तर १:
पहिल्या टप्प्यावर, कारण तिथे शिरलेला खरखराट पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. ईएफ ८६ चे दोन-तीन नग आळीपाळीने लावून टिचकीची हीच परीक्षा घ्यावी आणि सर्वांत शांत नग ठेवावा. छापलेल्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सॉकेट रबरी वायसरांवर बसवल्यास उरलेला नादही बराच कमी होतो.

उत्तर २:
ईसीसी ८२ च्या पिना आणि हीटर ईसीसी ८३ सारखेच असल्याने काही जळणार नाही, हे खरे. परंतु त्याचा वर्धनांक (संकेत किती पट वाढू शकतो तो आकडा) १०० ऐवजी २० च्या आत असतो आणि या प्रकारच्या फेज स्प्लिटरमध्ये मिळणारे वर्धन त्याच्याही निम्मे होते. एकूण वर्धन घटले की निगेटिव्ह फीडबॅकही (बाहेरचा थोडा संकेत उलटा करून आत देऊन दोष कमी करण्याची सोय) कमी पडतो, म्हणजे स्वच्छतेचा आधारच जातो. रेझिस्टर न बदलता केलेला हा बदल मला तरी निरर्थक वाटतो.

उत्तर ३:
ईएल ८४ मात्र जुळलेली, म्हणजे सारखाच प्रवाह घेणारी, जोडीच घ्यावी. प्रत्येक व्हॉल्व्हची प्लेट (प्रवाह गोळा करणारा धातूचा भाग) १२ वॅटपर्यंतच उष्णता सोसते. प्रत्येक कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) स्वतंत्र २७० ओहमचा रेझिस्टर असेल, तर त्यावरचा विद्युतदाब मोजावा. ११ व्होल्ट म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह, आणि प्लेटवर ३०० व्होल्ट असताना ते ठीक आहे.

प्रश्नकर्ता:
एकीकडे ११ व्होल्ट आहेत, दुसरीकडे १४. १४ व्होल्टच्या बाजूची प्लेट अंधारात किंचित लालसर दिसते.

उत्तर ३:
अ‍ॅम्प्लिफायर लगेच बंद करावा. तो थंड झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करून मिनिटभरच चालवावा आणि पुन्हा मोजावे. १४ व्होल्ट व्हॉल्व्हबरोबर सरकले, तर दोष व्हॉल्व्हचा. त्याच सॉकेटवर राहिले, तर ग्रिडकडचा (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीकडचा) कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आधीच्या टप्प्याचा संकेत पुढे देऊन स्थिर विद्युतदाब अडवणारा कपॅसिटर, गळत असण्याची शक्यता अधिक. माझ्याकडे जुन्या कागदी कपॅसिटरने असाच एक चांगला व्हॉल्व्ह खाल्ला होता, म्हणून आधी दोन्ही कपॅसिटर बदलावेत आणि नवी जोडी त्यानंतरच लावावी.