आय५ १२४०० की रायझन ५६००? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

*ए-७०४ शिंदे मॅडम:* नमस्कार. मुलीला आर्किटेक्चरसाठी डेस्कटॉप घ्यायचाय. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट (सगळी डिझाइनची सॉफ्टवेअर) आणि अधूनमधून मोबाइलवरच्या ४के व्हिडिओचं एडिटिंग. दोन कोटेशनं आलीत, फरक हजारेक रुपयांचा.
१) इंटेलचा प्रोसेसर आय५ १२४००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी
२) एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी तीच, वर जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड
चांगलं ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ. यातला फास्ट कुठला?

*बी-३०२ गोखले:* पहिल्या कोटेशनमधला 'एफ' बघितलात का? एफ म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही, आणि वेगळं कार्डही लिहिलेलं दिसत नाही. पंखे फिरतील, दिवे लागतील, स्क्रीन काळीच राहील. ५६०० मध्येही ग्राफिक्स नसतं, म्हणून तर दुकानदाराने जीटी ७१० जोडलंय.

*बी-५०१ देशपांडे काका:* नेटवर बघितलं. रायझनचा बेस क्लॉक ३.५ गिगाहर्ट्झ, इंटेलचा २.५. कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी, ३२ एमबी विरुद्ध १८. मग रायझनच घ्यायला हवा ना?

*सी-१००२ तन्मय:* काका, बेस क्लॉक म्हणजे ठरलेल्या वॉटमध्ये किमान एवढा वेग मिळेल याची हमी. प्रत्यक्षात मशीन त्या वेगाला क्वचितच येतं. दोघांचा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.४ च आहे. सगळे सहा कोर एकदम कामाला लागले की १२४०० हा ४.० वर थांबतो आणि ५६०० साधारण ४.२-४.३ वर. तरीही इंटेल थोडा पुढे राहतो, कारण त्याचा कोर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. दोन वेगळ्या घराण्यांचे गिगाहर्ट्झ समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही.

कॅशेचंही तसंच. ५६०० चा मोठा एल३ (हाच तो कॅशे) गेममध्ये उपयोगी पडतो आणि तिथे दोघे जवळजवळ बरोबरीत येतात. ऑटोकॅडमध्ये त्याचा फारसा फायदा नाही.

*सी-१००२ तन्मय:* सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारी टेस्ट) चे ढोबळ आकडे. सिंगल म्हणजे एका कोरचा स्कोअर, मल्टी म्हणजे सगळ्यांचा मिळून:
१२४००: सिंगल १६५०-१७००, मल्टी १२ हजारांच्या आसपास
५६००: सिंगल १४५०-१५००, मल्टी ११ हजारांच्या आसपास
मल्टीमध्ये ८-१० टक्के, सिंगलमध्ये १२-१५ टक्के. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं, म्हणून शिंदे मॅडमनी सिंगलचा आकडा बघायचा. व्ही-रेमध्ये प्रोसेसरवर रेंडर, म्हणजे डिझाइनचं खरंखुरं दिसणारं चित्र, करत असेल तर मल्टीचा. एन्स्केप आणि लुमिऑन ही रेंडरची सॉफ्टवेअर मात्र ग्राफिक्स कार्डावर चालतात, तिथे हे दोघेही बघ्याच्या भूमिकेत.

*सेक्रेटरी:* 🙏 उद्या सकाळी १० ते १२ पाणी बंद, टाकी धुणार आहेत. कॉम्प्युटरचं चालू द्या.

*ए-२०३ कदम:* आकडे बरोबर आहेत, पण कुणी मोजले आणि कसे मोजले हे बघितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. यूट्यूबवर एका मशीनमध्ये दोन स्टिक, दुसऱ्यात एक, आणि निकाल काय तर म्हणे प्रोसेसर हरला. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक २५.६ जीबी प्रति सेकंद देते, दोन स्टिक ५१.२ देतात. सिनेबेंचला रॅमचं फारसं पडलेलं नसतं, म्हणून स्कोअर छान येतो आणि गेम किंवा एडिटिंग रखडतं. तुमच्या दोन्ही कोटेशनांत १६ ची एकच स्टिक आहे. ८ च्या दोन मागा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या.

*ए-२०३ कदम:* दुसरी गोष्ट एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायचं सेटिंग. रॅमवर ३२०० छापलेलं असतं, पण बायोसमध्ये (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) एक्सएमपी चालू केलं नसेल तर ती बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर धावते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे 'स्पीड' समोर काय दिसतं ते बघा. दुकानातून जोडून आलेल्या मशीनमध्ये हे हमखास राहून जातं.

*बी-५०१ देशपांडे काका:* घरी दोन मशीन असतील तर खरी तुलना कशी करायची?

*ए-२०३ कदम:* रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड तेच, एकातून काढून दुसऱ्यात. विंडोजचं व्हर्जन एकच. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. प्रत्येक टेस्ट चार वेळा, पहिली सोडून द्यायची, उरलेल्या तिन्हींची सरासरी. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून तापमान, क्लॉक आणि पॅकेज पॉवर (प्रोसेसर किती वॉट घेतोय) बघत राहायचं. आर२३ चा स्कोअर सिनेबेंच २०२४ शी ताडू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. गेम तपासायचा तर १०८० पी आणि लो सेटिंग. १४४० पी अल्ट्रावर दोन्ही सारखेच दिसतील, कारण अडतं ते कार्ड.

*सी-१००२ तन्मय:* आणि एका रनवर जाऊ नका, दहा मिनिटांची टेस्ट लावा. १२४०० ला सुरुवातीला ११७ वॉटपर्यंत मुभा असते. इंटेलच्या मूळ सेटिंगनुसार साधारण २८ सेकंदांनी ६५ वर आणतात. सिनेबेंचमध्ये तो मुळात ७० च्या आसपासच घेतो, त्यामुळे घसरण किरकोळ. जड रेंडरमध्ये जास्त जाणवते. इंटेलच्या बऱ्याच बी६६० आणि बी७६० बोर्डांवर ही मर्यादा बायोसमधून वाढवता येते. ५६०० ला ७६ वॉटची मर्यादा आहे आणि ती सलग मिळते.

*बी-५०१ देशपांडे काका:* आणि लाइट बिल?

*सी-१००२ तन्मय:* 😄 नुसतं चालू असताना रायझन साधारण १०-१५ वॉट जास्त घेतो, कारण त्यात आय/ओची, म्हणजे रॅम आणि बाकी जोडण्या सांभाळणारी, वेगळी चिप असते आणि ती कधी झोपत नाही. १० वॉट गुणिले ८ तास गुणिले ३०० दिवस म्हणजे २४ युनिट. वर्षाचे दोन-अडीचशे रुपये. त्यावर निर्णय घेऊ नका.

*बी-३०२ गोखले:* मॅडम, व्हिडिओचं बोलूया, खरा फरक तिथे आहे. मोबाइलचं ४के बहुतेक एचईव्हीसी या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये असतं. साधा १२४००, म्हणजे एफ नसलेला, घेतलात तर त्यातलं यूएचडी ७३० ग्राफिक्स क्विक सिंकने (त्यातल्या व्हिडिओसाठीच्या खास भागाने) ते उलगडतं आणि एडिटिंगची टाइमलाइन अडकत नाही. जीटी ७१० जुन्या केप्लर पिढीचं आहे, त्याला एचईव्हीसी उलगडता येत नाही. सगळा भार ५६०० च्या सहा कोरवर पडेल. म्हणजे कार्डाचे पैसे फक्त स्क्रीन लागण्यासाठी.

*ए-७०४ शिंदे मॅडम:* मग ५६००जी घेतला तर? त्यात ग्राफिक्स असतं असं ऐकलंय.

*बी-३०२ गोखले:* असतं, आणि यूएचडी ७३० पेक्षा दमदार. एचईव्हीसीही उलगडतं. पण एल३ ३२ वरून १६ वर येतो आणि पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची जोडणी, ४.० च्या जागी ३.० मिळतं. पुढच्या वर्षी आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड लावलंत तर तिथे मार बसेल. शिवाय सिंगल कोरमध्ये तो ५६०० च्या बरोबरीचा, म्हणजे १२४०० च्या मागेच.

*ए-२०३ कदम:* रायझनच घ्यायचा झाला तर बी४५० टाळून बी५५० घ्या. बी४५० वर पीसीआयई ३.० च. आणि दुकानात पडून राहिलेला बोर्ड असेल तर जुन्या बायोसला ५६०० ओळखूच येत नाही. बायोस अपडेटसाठी मग जुना प्रोसेसर शोधा, किंवा बोर्डवर फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं) बटण असेल तर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह. बायोस एजिसा (त्यातला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्यानंतरचा हवा. त्याआधीच्यांवर एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे मशीन मधेच क्षणभर अडकायचं, आवाजही तुटायचा. दोष प्रोसेसरचा वाटतो, असतो बायोसचा.

एच६१० वरही काट मारा. रॅमचे दोनच स्लॉट, एसएसडीला बहुधा पीसीआयई ३.० च, पॉवरचा भाग किरकोळ. बी७६० डीडीआर४ सांगा. डीडीआर५ चा बोर्ड आला तर ही रॅम त्यात बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

*सी-१००२ तन्मय:* पुढे अपग्रेडचं म्हणाल तर रायझनच्या एएम४ सॉकेटवर ५७००एक्स३डी प्रोसेसर, इकडे इंटेलची १३ वी-१४ वी पिढी. त्या पिढ्यांच्या काही प्रोसेसरमध्ये व्होल्टेजमुळे बिघाड झाले होते, त्यावरचे मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या कोडचे) अपडेट २०२४ मध्ये आले. तसा प्रोसेसर घातलात तर आधी बायोस अपडेट. १२४०० ला तो त्रास नाही.

*ए-७०४ शिंदे मॅडम:* म्हणजे दुकानदाराला हे पाठवू? "आय५ १२४००, एफ नको, बॉक्स पॅक. बी७६० डीडीआर४. ८ च्या दोन ३२०० स्टिक. जीटी ७१० नको."

*बी-३०२ गोखले:* बरोबर. बिलावर 'बॉक्स' शब्द लिहून घ्या, इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी त्यालाच. ट्रेच्या, म्हणजे खोक्याशिवाय सुट्या विकलेल्या, मालाची वॉरंटी विक्रेत्याच्या तोंडावर.

*ए-२०३ कदम:* मशीन जोडायचं असेल तेव्हा समोर उभे राहा. सोबतच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. समोरासमोरच्या दोन आधी दाबायच्या, मग उरलेल्या दोन, चारही 'टक्' वाजल्या पाहिजेत. बोर्ड केसमध्ये जाण्याआधी उलटा करून बघायचं, चारही पिनांची टोकं फाकलेली दिसायला हवीत. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचलला जातो, काही काम न करता तापमान ६०-७० दिसतं आणि सिनेबेंच लावल्यावर काही सेकंदांत १००, की क्लॉक खाली. बोर्डच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिक झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर मागतात.

*ए-७०४ शिंदे मॅडम:* आणि घरी आल्यावर?

*ए-२०३ कदम:* टास्क मॅनेजरमध्ये रॅम ३२००, 'स्लॉट्स यूज्ड' समोर २. मग आर२३ दहा मिनिटं. मल्टी साडेअकरा हजारांच्या वर, तापमान ८५ च्या आत. दोन्ही स्क्रीनचे फोटो इथे टाका.