बारा बटणांचा माउस आणि भलत्या वेळी हातात येणारी सुरी

गोगलगाय_रश

मंडळी, हसायचं नाही. काल गेमच्या शेवटच्या राउंडला समोर एकच गडी उरला होता. पाठमोरा, दारात, अगदी निवांत. मी रायफल रोखली, श्वास धरला आणि हातात सुरी आली. पंधरा पावलांवरून सुरी काय कामाची? तो वळला आणि माझा निकाल लागला. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

गुन्हेगार माझा माउस आहे, नाहीतर मी. माउस मूळचा भावाचा. तो तलवारी आणि मंत्रतंत्रवाले खेळ खेळायचा, म्हणून अंगठ्याच्या बाजूला चार ओळींत तीन-तीन अशी बारा बटणं. त्याचा नाद सुटला आणि माउस माझ्याकडे आला. मी काउंटर-स्ट्राइक २ हा बंदुकांचा खेळ खेळते. बारा बटणं आयती मिळाल्यावर मला हाव सुटली. बसणं, रीलोड, माइक, खरेदीचा मेनू, सगळं अंगठ्यावर आणून ठेवलं. उरलेली बटणं होती तशीच सोडली.

सुरीशिवाय आणखी दोन दुखणी आहेत. गोळ्या झाडताना अंगठ्याने बसायचं बटण दाबलं की नेम उजवीकडे उडतो, दर वेळी उजवीकडेच. आणि चाकामागच्या छोट्या बटणाला चुकून बोट लागलं की माउसला पंख फुटतात, नुसतं मनगट हललं तरी मी गरगर फिरते.

डीपीआय (माउस इंचभर सरकला की तो किती काउंट पाठवतो) १६००, खेळातला सेन्स (एका काउंटला नजर किती वळते ते प्रमाण) १.६. कुठल्या बटणावर काय ठेवू? आणि उडी मारून स्मोक (धुराचा बॉम्ब) फेकायचं काम मॅक्रो लावून, म्हणजे एका दाबात अनेक कळा आपोआप दाबवून, एकाच बटणावर नेता येईल का?

आळशी_बंदूकवाला

अहो, बाजूला दोनच बटणं असलेला माउस घ्या, प्रश्न मिटला.

गोगलगाय_रश

नवा घ्यायचा नाहीये. आहे त्यातच काय होतंय ते बघायचंय.

करंगळी_कंट्रोलवर

आधी सुरीचं सांगतो, ते सोपं आहे. विंडोज माउसची पाचच बटणं ओळखतं: डावं, उजवं, चाकाचं आणि बाजूची दोन. त्यापुढची बटणं असतील तर माउस कीबोर्डचं सोंग घेतो. तुमच्यासारख्या माउसवर ती बारा बटणं बहुधा कीबोर्डच्या आकड्यांच्या ओळीची नक्कल करतात. या खेळात ३ म्हणजे सुरी आणि ५ म्हणजे सी-फोर, लावायचा बॉम्ब. माउस घट्ट धरताना अंगठा तिसऱ्या बटणावर दाबला जातोय, एवढीच भानगड. खेळाच्या सेटिंगमध्ये शोधत बसलात तर तिथे ते माउसचं बटण म्हणून दिसणारच नाही, नुसतं ३ दिसेल. इलाज माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाराही बटणं तिथे बंद करा. हो, सगळी. मग एकेक परत मागून घ्या. माउसमध्ये स्वतःची मेमरी असेल तर मांडणी त्यातच सेव्ह करा, म्हणजे सॉफ्टवेअर बंद असलं तरी टिकते.

आता कुठल्या बटणावर काय. "कुठली बटणं मोकळी आहेत" असं विचारत गेलं की तुमच्यासारखं होतं, एक ना धड भाराभर चिंध्या. मीही त्यातून गेलोय. मी डाव्या हातापासून सुरुवात करतो. चालायची बटणं अशी: अनामिका ए वर (डावीकडे), मधलं बोट डब्ल्यू वर (पुढे), तर्जनी डी वर (उजवीकडे). ई, आर, एफ, जी यांतलं काहीही दाबायचं तर तर्जनी डी सोडते, म्हणजे तेवढा वेळ उजवीकडे सरकणं बंद. आणि ७ किंवा ८ दाबायचं तर पंजाच उचलावा लागतो. तेवढा वेळ तुम्ही खांब.

म्हणून डाव्या हाताला ज्याने खांब बनवलं जातं, ते काम अंगठ्याकडे पाठवायचं. पण त्या क्षणी नेम धरलेला नसला तरच! ही अट मी विसरलो होतो आणि बसण्याचं बटण अंगठ्यावर ठेवून महिनाभर मार खात होतो.

तुमच्या खेळात ७ म्हणजे फ्लॅश (डोळे दिपवणारा बॉम्ब), ८ म्हणजे स्मोक, ० म्हणजे मोलोटोव्ह (आगीची बाटली). हे हातात घेताना तुम्ही बहुतेक आडोशाला असता, नेम हलला तरी कोणाचं काही बिघडत नाही. हे तीन अंगठ्यावर ठेवा. बसणं मुकाट्याने कंट्रोलवर, करंगळीकडे. माझं नाव उगाच हे नाही. रीलोड आर वरच राहू द्या, ते आडोशाला करायचं काम आहे, तर्जनी क्षणभर हलली तर हलली. खरेदीचा मेनू अंगठ्यावर कशाला आणलात ते मला कळलं नाही, खरेदीच्या वेळी डावा हात रिकामाच असतो.

नेम उजवीकडे का उडतो? अंगठा माउसच्या डाव्या अंगावर असतो. तो दाबला की माउस उजवीकडे ढकलला जातो आणि पलीकडून अनामिका-करंगळीने तितक्याच जोराने रोखायला हवं. तितकंच कधी होत नाही. समजा माउस फक्त अर्धा मिलिमीटर सरकला. १६०० डीपीआयला ते सुमारे ३१ काउंट. या खेळात सेन्स १ असताना एका काउंटला ०.०२२ अंश वळण मिळतं, तुमच्या १.६ ला ०.०३५२. म्हणजे एकूण १.१ अंश. ऐकायला काहीच नाही. पण वीस मीटरवर उभ्या माणसाजवळ पोहोचेपर्यंत त्याचे ३८ सेंटिमीटर होतात. तुम्ही डोक्यावर नेम धरलाय आणि गोळी खांद्यापलीकडून गेली.

म्हणून डीपीआय ८०० करा, सेन्स तोच ठेवा. सगळं निम्म्यावर येईल. सध्या तुम्ही साधारण १६ सेंटिमीटर माउस सरकवून पूर्ण गिरकी घेता, ती ३२ होईल. पहिले दोन-तीन दिवस चिखलात चालल्यासारखं वाटेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. द्या.

चाकामागचं बटण डीपीआयचे टप्पे बदलतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळे टप्पे काढून ८०० चा एकच ठेवा. मग ते कितीही दाबा.

पाठीमागून_आवाज

वरच्या उत्तरात माइकचा विषय सुटला. बोलायचं बटण मी वर्षानुवर्षं अंगठ्यावरच ठेवलंय, बाजूच्या दोनांपैकी पुढच्यावर, आणि नेम काही हलत नाही.

करंगळी_कंट्रोलवर

हलत नाही की लक्षात येत नाही? मी माइक व्ही वर ठेवतो, डाव्या अंगठ्याने दाबतो, स्पेसवरून तिथे सहज जातो.

पाठीमागून_आवाज

आणि मग बोलता बोलता उडी कशाने मारता? असो. मुद्दा असा की दाबून धरलेलं बटण नेम हलवत नाही. हलतो तो दाबताना आणि सोडताना. मी कोपऱ्यातून डोकावायच्या आधीच दाबतो, भांडण संपेपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे माझ्या टीमला माझे श्वाससुद्धा ऐकू येतात, त्याबद्दल त्यांची तक्रार आहे, पण ती वेगळी.

करंगळी_कंट्रोलवर

दाबताना आणि सोडतानाच हलतो, हे मान्य. हे मी त्या दृष्टीने पाहिलं नव्हतं. म्हणजे बसायचं बटण वाईट कारण ते ऐन गोळीबारात टकटक दाबावं लागतं, आणि माइक चालतो कारण तो आधी दाबून ठेवता येतो. गोगलगाय, माइक तुम्हाला हवा तिथे ठेवा.

नियमावली

मॅक्रोचं कोणी बोललंच नाही. त्या वाटेला जाऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळ बनवणाऱ्या वाल्वने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असली मदत बंद केली. ए आणि डी ची अदलाबदल कीबोर्डकडून आपोआप करून घेणारे सापडले की चालू सामन्यातून बाहेर काढले जातात. खेळाच्या बाइंडमध्येही (कुठल्या बटणावर कुठलं काम ती जोडणी) एकापेक्षा जास्त हालचाली किंवा हल्ले एकत्र बांधले असतील तर ते बाइंड आता चालत नाही. उडी आणि फेक एका बटणावर, हे नेमकं त्यातच मोडतं. माउसच्या सॉफ्टवेअरमधून केलं तरी काम तेच.

एका बटणावर एकच काम, मग ते बटण कुठेही असो, त्याला कोणाची हरकत नाही. उडीचंच हवं असेल तर चाक खाली फिरवण्यावर उडी ठेवून बघा, पुष्कळ जण तसं खेळतात. फक्त चाकावरची शस्त्र बदलण्याची कामं आधी काढा, नाहीतर उडी मारताना पिस्तूल हातात येईल. स्मोक फेकताना मी स्पेस दाबतो आणि लागलीच डावं क्लिक सोडतो. रिकाम्या नकाशावर एकाच खिडकीत वीस-तीस स्मोक फेकले की ताल बसतो.

आळशी_बंदूकवाला

विषय निघालाच आहे तर, माझा माउस एकदा दाबला की दोनदा क्लिक करतो. पिस्तुलाच्या दोन गोळ्या सुटतात. हे फायद्याचं समजू का?

नियमावली

नाही. आतल्या स्विचचे धातूचे संपर्क झिजले किंवा त्यावर गंज चढला की एका दाबात ते दोनदा जुळतात. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सची वेळ असेल तर थोडी वाढवा, म्हणजे लगेच आलेला दुसरा क्लिक माउस मोजणार नाही. तेवढ्याने काही दिवस निघतील. पुढे स्विच बदलावाच लागतो. आणि पुढच्या वेळी वेगळा धागा काढा.

गोगलगाय_रश

दोन आठवडे झाले, आता लिहिते.

बारापैकी चार बटणं ठेवली: फ्लॅश, स्मोक, मोलोटोव्ह आणि माइक. बाकीची बंद. पण बंद असली तरी अंगठा त्यांच्यावर टेकला की मनाला धास्ती वाटायची, म्हणून मागच्या दोन ओळींवर कापडी चिकटपट्टी लावली. आता अंगठ्याला टेकायला हक्काची जागा आहे. दुसरी अडचण अशी की न बघता फ्लॅश कुठलं आणि स्मोक कुठलं ते कळेना. एकदा आमच्याच पाच जणांना आंधळं केलं. मग स्मोकच्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून वाळवला. अंगठ्याला खडा लागल्यासारखा लागतो. तेव्हापासून चूक नाही.

करंगळी, पहिले चार दिवस तुम्हाला खरंच शिव्या दिल्या. मागून कोणी आलं की वळेपर्यंत मी मेलेली. आता जमतंय. बसणं कंट्रोलवर गेल्यापासून नेम उडणं जवळजवळ थांबलंय, करंगळी मात्र संध्याकाळपर्यंत कुरकुरते.

एकच राहिलंय. डीपीआय कमी केल्यापासून डावीकडे गिरकी घेताना माउस कीबोर्डवर आपटतो.

करंगळी_कंट्रोलवर

कीबोर्ड तिरका करा. डावी बाजू स्वतःकडे ओढा, उजवी वर जाऊ द्या. आकड्यांचा उजवा ठोकळा माउसच्या वाटेतून हटेल आणि मनगटही सरळ राहील. करंगळी कुरकुरत असेल तर बसणं टॉगलवर (एकदा दाबलं की बसायचं, परत दाबलं की उठायचं) टाकू नका, त्याने बसल्या जागी अडकून मराल. कंट्रोलऐवजी सी वर अंगठ्याने दाबून बघा.

गोगलगाय_रश

सी बघितलं, नाही जमलं, उडीची वेळ चुकते. करंगळीलाच सवय लावते. कीबोर्ड तिरका केला, माउसवर पट्ट्या, एका बटणावर लाल ठिपका. टेबलावर अपघात झाल्यासारखं दिसतंय. पण काल परत तोच दरवाजा, तसाच पाठमोरा गडी, आणि या वेळी हातात रायफलच होती.

दोन गोळ्या भिंतीत गेल्या, तिसरी लागली.