मदत हवी आहे: पार्करच्या दुनळीचा दस्ता मूळ आहे की कापलेला? (शनिवारी लिलाव आहे)

सस्क्वेहाना_काठी
इथे पेनसिल्व्हेनियात शनिवारी सकाळी एका शेतघरातल्या सामानाचा लिलाव आहे. त्यात पार्कर या जुन्या अमेरिकन कंपनीची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) आहे. दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या) मागे केशरी रबराचं पॅड. लिलाववाला छातीठोकपणे सांगतोय की पॅड फॅक्टरीतूनच आलंय, आणि त्या नावाखाली बोली चढीच सुरू करणार आहे. मला पटत नाही, पॅड बसवायला मूळ दस्ता कापला असावा. कसं ओळखायचं? मुद्द्याचं सांगा, वेळ कमी आहे.

जुनं_अक्रोड
"पार्करची दुनळी" एवढ्यावर काय सांगणार? मेरिडनला (कनेक्टिकट) १८६० च्या दशकाच्या शेवटापासून बंदुका बनत होत्या, १९३४ मध्ये रेमिंग्टनने कंपनी घेतली, दुसऱ्या महायुद्धात उत्पादन थांबलं. तोवर दोन लाखांच्या वर तयार झाल्या. ग्रेड (दर्जा) कोणता? गेज (नळीचा बोर)? नंबर? ग्रिप (हाताने धरायचा भाग) सरळ की पिस्तुलासारखी वळलेली? फोटो डकवा.

टवाळ_टिटवी
जपानी पार्कर तर नाही ना? ऐंशीच्या दशकात तिकडे हुबेहूब नकला बनल्या होत्या. दिसायला देखण्या असतात.

करवीरकर
आमच्या आजोबांकडे ग्रीनरची बाराबोर होती, बर्मिंगहॅमची. डाव्या बाजूला सेफ्टी, नळ्यांच्या मागे आडवा बोल्ट. विलायती बंदूक म्हणजे माणसाच्या मापाने शिवलेला सदरा. दस्ता खांद्याप्रमाणे किंचित बाजूला वळवलेला असायचा. अमेरिकन बंदुका म्हणजे कारखान्याचा तयार माल, त्यात मूळ काय आणि बदललेलं काय! तुम्ही ग्रीनर शोधा.

जुनं_अक्रोड
करवीरकर, ग्रीनरबद्दल आदर आहे, पण "तयार माल" चूक. ट्रोजन हा स्वस्त ग्रेड सोडला तर पार्करवाले ऑर्डरप्रमाणे दस्ता करून द्यायचे. लांबी, टाच (दस्त्याचं मागचं वरचं टोक) किती खाली, सरळ ग्रिप, अर्धी पिस्तूल, पूर्ण पिस्तूल, मागे प्लेट की पॅड, सगळं गिऱ्हाईक सांगे. म्हणूनच तर हा प्रश्न अवघड आहे. पॅड दिसलं म्हणून बाद करता येत नाही आणि खरं म्हणूनही मानता येत नाही.

भोचक_भवानी
एक विचारू? एच-१बी वर आहात का? तसं असेल तर अमेरिकेत शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक बाळगणंच बेकायदेशीर आहे. लिलावात हौसेने हात वर कराल आणि नंतर निस्तरत बसाल.

सस्क्वेहाना_काठी
नागरिक आहे. कृपया धागा भरकटवू नका.

ग्रेड व्हीएच आहे, १६ गेज. नळ्यांवर "वल्कन स्टील" लिहिलंय. नंबर दोन लाखांच्या वरचा. ग्रिप सरळ. चापापासून पॅडच्या टोकापर्यंत सव्वाचौदा इंच भरलं, म्हणजे लांबी बरोबर आहे ना? मग कापलेला नसणार. फोटो काढू देत नाहीत.

जुनं_अक्रोड
हे आधीच टंकलं असतंत तर! नंबरावरून १९२० च्या दशकातली किंवा त्यानंतरची आहे. कायद्याने "अँटिक" नव्हे, कारण ती रेषा १८९८ ला आहे. पण पन्नास वर्षांच्या वरची असल्याने संग्राह्य वर्गात येते.

आता लांबी. सव्वाचौदा इंचाने काहीच सिद्ध होत नाही. पॅड इंचभर जाड धरा. कुणी मूळ दस्ता इंचभर कापून त्यावर पॅड बसवलं तरी माप तेवढंच येणार, आणि फॅक्टरीने पॅड धरून लाकूड आखूड ठेवलं असेल तरीही तेवढंच. बघायचं ते लाकडाकडे. व्हीएचवर नेहमीची असते ती कडक काळ्या रबराची, कुत्र्याचं डोकं कोरलेली प्लेट. पोलादी चौकटीची, मधलं लाकूड उघडं ठेवणारी प्लेट डीएच आणि त्यावरच्या ग्रेडची. तेव्हा पॅडचे स्क्रू काढायला लावा. खाली प्लेटच्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली तर पॅड नंतरचं. शिवाय कापलेल्या दस्त्याचा मागचा भाग उंचीला कमी भरतो, कारण लाकूड मागे रुंदावत जातं.

रानडुक्कर७२
असहमत. फॅक्टरी-फॅक्टरी काय लावलंय? शंभर वर्षांची बंदूक, कुणीतरी खांद्याला लागू नये म्हणून पॅड लावलं. वापरायची असेल तर पॅड उत्तमच. मी असतो तर आणखी जाड लावलं असतं.

जुनं_अक्रोड
तुम्ही लावा हो, तुमच्या बंदुकीला. प्रश्न किमतीचा आहे. आणि ते केशरी पॅड सिल्व्हर्स या बनावटीचं आहे का? पार्करवाले ते ऑर्डरवर बसवत असत, पण त्याची नवी नक्कलही बाजारात मिळते. रंगावर जाऊ नका.

दुसरं, सरळ ग्रिप. व्हीएचवर ती फॅक्टरीची असेल तर भाव वाढतो, म्हणून पिस्तूल ग्रिप तासून सरळ करणारे महाभाग आहेत. चापाच्या कड्याची मागची पट्टी पहा. सरळ ग्रिपला ती लांब आणि सपाट असते, पिस्तूल ग्रिपला वळणाबरोबर जाते. वाकवून सरळ केलेली पट्टी लाकडात नीट बसत नाही. तिच्यावर नंबर असतो, तो बंदुकीच्या नंबराशी ताडून बघा. आणि लाकूड धातूपेक्षा केसभर वर असायला हवं. खाली गेलं असेल तर पॉलिश पेपरने घासलंय. चेकरिंगचे (पकडीसाठी लाकडावर कोरलेल्या जाळीचे) हिरे टोकदार आणि कडेच्या रेषा वेड्यावाकड्या दिसल्या तर नंतर कुणीतरी हत्यार चालवलंय.

करवीरकर
अवांतर: भारतात आणायचा विचार असेल तर सोडून द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं. वर निवडणूक आली की ठाण्यात जमा करा. आजोबांची ग्रीनर तशीच ठाण्याच्या वाऱ्या करून ओरखडली. आता १९७२ च्या कायद्यामुळे शिकार नाही, म्हणजे बंदूक नुसती तेल लावायला.

सस्क्वेहाना_काठी
भारतात कोण आणतंय? तुम्हाला विचारलंय कुणी?

टवाळ_टिटवी
पार्करच्या संग्राहकांची संस्था आहे, तिच्याकडे जुन्या ऑर्डर वह्या आहेत. फी भरली की नंबरावरून पत्र देतात, त्यात ग्रिप, प्लेट, लांबी सगळं येतं. मात्र सगळ्याच नंबरांच्या नोंदी शिल्लक नाहीत, आणि शनिवारच्या आत पत्र येणं कठीण. लिलाववाल्याला विचारा, त्याच्याकडे पत्र आहे का? "फॅक्टरी" म्हणतोय तर दाखवू दे.

सस्क्वेहाना_काठी
आज बघायला वेळ दिला होता. पत्र नाही, "मालक म्हणायचे" एवढंच. खूप घासाघीस केल्यावर पॅड काढू दिलं. खाली पॅडच्या भोकांशिवाय आणखी दोन, लाकडाच्या गोल खुंट्यांनी बुजवलेली. पॅडवर कुठलंच नाव नाही. पट्टी मात्र लांब, सपाट, नंबर जुळतो, लाकूड धातूपेक्षा वर आहे.

जुनं_अक्रोड
म्हणजे सरळ ग्रिप फॅक्टरीची असण्याची शक्यता दाट, पण पॅड नंतरचं आणि दस्ता बहुधा कापलेला. संग्राहकाच्या भावाने घेऊ नका, वापरणाऱ्याच्या भावाने घ्या. त्या खुंट्या लिलाववाल्याला सगळ्यांसमोर दाखवा, सुरुवातीचा आकडा आपोआप खाली येईल. आणि १६ गेजचे जुने चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बऱ्याचदा आखूड असतात. आजची पावणेतीन इंची काडतुसं घालण्याआधी बंदूकवाल्याकडून मोजून घ्या.

रानडुक्कर७२
म्हणजे शेवटी पॅड ठेवायचंच ना?

सस्क्वेहाना_काठी
आधी बंदूक मिळू द्या. कापलेल्या दस्त्याला इंचभर लाकूड जोडून मूळ कुत्र्याची प्लेट लावणारा कुणी पूर्व किनाऱ्यावर माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ग्रीनरवाल्यांनी नाही केला तरी चालेल.