सुपरमॅनची ताकद कापायची की त्यालाच कात्रीत पकडायचं?

गिरणगावकर:
सुपरमॅन कंटाळवाणा झाला अशी ओरड सुरू झाली की लेखक कात्री घेऊन त्याच्या ताकदीमागे लागतात. १९७१ मध्ये डेनिस ओ'नील यांनी पृथ्वीवरच्या क्रिप्टोनाइटचं (त्याला दुबळा करणारा हिरवा दगड) लोखंड केलं, ताकदही घटवली. ती लवकरच पुन्हा फुगली. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी परत छाटणी केली. माझ्या मते ताकदीला हात लावू नका, काम असं द्या की नुसत्या ताकदीने भागणार नाही. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या आठव्या अंकात (१९३९) तो झोपडपट्टी जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला नवी घरं बांधावीच लागतील. हेच लालबागमध्ये लिहून बघा. चाळ पाडायला त्याला अर्धा मिनिट पुरे. पण पुनर्विकासाला संमतीच्या सह्या कोण आणणार? पागडीवाल्याला कार्पेट एरिया किती? ट्रान्झिट कॅम्पात गेलेल्यांना ताबा कधी?

स्लो लोकल:
साफ असहमत. ही सुपरमॅनची गोष्ट नाही, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त झालं! लोक त्याच्याकडे मारामारीसाठी येतात आणि तिथे त्याला लागलं पाहिजे. १९३८ चा मूळ सुपरमॅन उडत नव्हता, सुमारे २०० मीटरची उडी मारायचा. तोफगोळा फुटला तर त्याची कातडी भेदली जाऊ शकत होती. ताण तिथून यायचा. बर्न यांचं काही चुकलं नाही. चुकलं पुढच्यांचं: दर नवा खलनायक वरचढ, मग नायकही वरचढ. वजन किती पेलेल, त्याला ताकद देणाऱ्या सूर्यप्रकाशाशिवाय किती तग धरेल, हे आधी ठरवा आणि गोष्ट संपेपर्यंत मोडू नका.

टिळकपूल:
मर्यादा म्हणजे पुन्हा क्रिप्टोनाइटच ना? ते १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आलं, कॉमिक्समध्ये १९४९ ला. तेव्हापासून हिरवा दगड दिसला की त्याचे किरण अडवणारी शिशाची पेटी कुठे आहे एवढंच शोधायचं.

त्यापेक्षा ताकदीचाच धोका दाखवा. कोणी २० मीटरवरून, म्हणजे साधारण सहा-सात मजल्यांवरून पडतंय. खाली येईपर्यंत दोन सेकंद. सुपरमॅन जमिनीशी हात पसरून उभा राहिला आणि अर्ध्या मीटरात झेललं, तर हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४० पट. पोलादी हातांवर पडणं आणि फुटपाथवर पडणं यात मग फार फरक उरत नाही. वाचवायचं असेल तर दहा मीटर पडू द्यायचं, सोबत त्याच वेगाने खाली यायचं आणि उरलेल्या दहा मीटरांत वेग हळूहळू उतरवायचा. मग भार दुपटीवर येतो. मध्ये कोणाची बाल्कनीची ग्रिल आली तर सगळा हिशेब चुकला! पकडायची घाई करायची नाही, हे चित्रात दाखवलं की चौकट आपोआप ताणली जाते. (बहुतेक चित्रकार केस उडताना दाखवतात आणि मोकळे होतात.)

स्लो लोकल:
हिशेब आवडला. पण हे दृश्य एकदाच चालेल. दुसऱ्या खेपेला तो शिकलेला असणार.

गिरणगावकर:
म्हणून तर बंधन शरीरावर नको, शब्दात हवं. महाभारतात कृष्ण सर्वशक्तिमानच आहे. शस्त्र न धरण्याचा शब्द दिल्यामुळे त्याचं सारथ्य बघवतं, आणि तो भीष्मांवर धावून जातो तेव्हा आपण सरसावून बसतो. १९७८ च्या सिनेमात हेच आहे. दोन क्षेपणास्त्रं, दोन दिशा. आधी हॅकेनसॅककडे जाणारं थांबवीन, असा त्याने शब्द दिलाय. तो पाळतो, म्हणून दुसरं सुटतं आणि त्याची प्रेयसी लोइस मरते. इथवर चोख! मग पठ्ठ्या काळ उलटा फिरवतो आणि शब्द पाळण्याची किंमतच पुसून टाकतो.

टिळकपूल:
+१. त्या शेवटासाठी दंड हवा.

स्लो लोकल:
मग ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन' या कॉमिक मालिकेचं (२००५ ते २००८, १२ अंक) काय? सूर्याच्या अतिरेकी किरणोत्सर्गाने त्याची ताकद तिप्पट होते आणि त्यानेच पेशी मरू लागतात. ताकद वाढवली, पण दिवस मोजून दिले. म्हणजे मर्यादा आलीच की, आणि तीही शरीरावर. शब्दाची नव्हे.

गिरणगावकर:
पण उरलेल्या दिवसांत तो मारामारी किती करतो आणि मागे राहणाऱ्यांची सोय किती लावतो, तेही मोजा.

स्लो लोकल:
मोजतो. पण त्यातल्या खलनायक सूर्याशी, सोलारिसशी झुंज मारामारीतच धरणार, आधीच सांगून ठेवतो.