पणजोबांच्या मृत्यूची नोंद कोठे शोधावी? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आमच्या घराण्याची वंशावळ लिहिताना पणजोबांची निधन-तिथी अडली आहे. ते मूळचे निफाड तालुक्यातले; त्यांचे निधन स्वातंत्र्याच्या सुमारास नाशिक शहरात झाले, एवढेच घरातील वडीलधारी सांगतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा असल्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींसाठी गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, पाहावे लागते. मात्र निधन शहरात झाले असल्यास नोंद गावच्या दप्तरात मिळेल की तत्कालीन नगरपालिकेच्या, आणि ते जुने दप्तर आता पाहण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, हे कृपया सांगावे. नोंद मोडी लिपीत असल्यास वाचून देणारे कोणी जाणकारही हवे आहेत.

माझा अधिक भरवसा रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर आहे, कारण दशक्रियेला आलेल्या नातलगांची नावे तेथे सहसा लिहिली जातात (सरकारी दप्तरात एवढा गोतावळा कुठला!). निफाडकडील गावांच्या वह्या कोणत्या गुरुजींकडे आहेत? तसेच १९३८ पासून नाशकातून निघणाऱ्या ‘गांवकरी’चे जुने अंक, विशेषतः निधनवार्ता, कोणी सार्वजनिक वाचनालयात किंवा अन्यत्र चाळल्या असल्यास अवश्य कळवावे.