परिवलन कोणतं आणि परिभ्रमण कोणतं?

शाळकरी मुलांना विज्ञान शिकवते. सूर्यमालेचा धडा आला की दरवर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते. ‘गुरूला एक फेरा मारायला किती वेळ लागतो?’ असं विचारलं, की निम्मा वर्ग म्हणतो दहा तास, निम्मा म्हणतो बारा वर्षं. दोन्ही आकडे खरे, पण दहा तास परिवलनाचे, म्हणजे स्वतःभोवतीचे, आणि बारा वर्षं परिभ्रमणाची, म्हणजे सूर्याभोवतीची. मुलांना शब्द पाठ असतात, कोणता कशाचा हे मात्र पेपरात उलटंपालटं होतं. ‘परि’ तर दोन्हीकडे आहेच. लक्षात राहील अशी फोड कुणी सांगेल का?

प्रतिसाद : वलन म्हणजे वळणं. लाडू वळताना तो तळहातातच फिरतो, हात सोडून जात नाही. ते परिवलन. भ्रमण म्हणजे भटकणं, जागा सोडून जाणं. म्हणून सूर्याभोवतीचं ते परिभ्रमण.

प्रतिसाद : लाडू फार आवडला, मुलांना नक्की सांगा. पण व्युत्पत्तीवर सगळा भार टाकू नका. ‘भोवरा’ही भ्रम् धातूच्याच कुळातला, आणि तो तर एका जागी गरगरतो. उलट ‘वळसा’ वळण्यातूनच आला, पण वळसा घालायचा तर दुसऱ्या कशाला तरी घालावा लागतो. म्हणजे बोलीत दोन्ही धातू दोन्हीकडे जातात. परिभाषेने एकेक अर्थ ठरवून दिला एवढंच. हिंदी पाठ्यपुस्तकांत याच जोडीला घूर्णन आणि परिक्रमण म्हणतात.

मला वाटतं गोंधळाचं मूळ आपल्या ‘फिरणे’ या क्रियापदात आहे. जातं फिरतं, घाण्याचा बैल फिरतो, आजोबा संध्याकाळी फिरायला जातात. पृथ्वी स्वतःभोवती ‘फिरते’ आणि सूर्याभोवतीही ‘फिरते’. मुलाला फरक कळणार कसा? त्यापेक्षा आधी गिरकी आणि फेरी हे दोन शब्द द्या, पारिभाषिक शब्द मागाहून. शुक्राची एक गिरकी २४३ दिवसांची आणि फेरी २२५ दिवसांची, शिवाय गिरकी उलट्या दिशेची. हे वाक्य फक्त ‘फिरणे’ वापरून सांगून बघा, जमत नाही.

प्रतिसाद : आरती संपली की आपण जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, ते परिवलन. देवळात गाभाऱ्याभोवती जातो, ते परिभ्रमण. घरातलंच उदाहरण आहे.

यात एक गंमत आहे, ती जरूर करून दाखवा. वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवा आणि एका मुलाला तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायला सांगा, उजवा खांदा सतत खुर्चीकडे. बाकीच्यांनी त्याचं तोंड कुठे आहे ते पाहायचं. आधी फळ्याकडे, मग खिडकीकडे, मग मागच्या भिंतीकडे, मग दाराकडे. एका फेरीत त्याची एक गिरकीही पूर्ण झाली! चंद्र अगदी हेच करतो. त्याचं परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही साधारण २७.३ दिवसांचं, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. ‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही’ असं पुष्कळ मोठी माणसंही म्हणतात, ते इथे सुटतं. दिशेचं मात्र सांभाळा. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असते. उत्तरेकडून पाहिलं तर ग्रह आणि चंद्र काट्यांच्या उलट जातात.

मूळ प्रश्नकर्ती : आज खुर्ची ठेवून केलं. तिसऱ्या फेरीला मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, ‘बाई, तो वळतोय पण!’ मग तिनेच विचारलं, की फुगडी घालताना कोण कोणाभोवती फिरतं? त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद : तिला बटुग्रह प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन यांचं सांगा. दोघे एकमेकांकडे तोंड करून ६.४ दिवसांत एक फेरी पूर्ण करतात, आणि फेरीचं केंद्र प्लूटोच्या पोटात नसून दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे, फुगडीत हात धरलेले असतात तिथे. शब्द परिभ्रमणच. फक्त ‘शॅरनचं प्लूटोभोवती’ असं न म्हणता ‘दोघांचं सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती’ असं म्हणायचं.