सकाळी निघून रात्री परत: शेजारच्या राजधानीचे अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात आठ दिवस व्हिएन्नात आहोत. नकाशा चाळताना दिसलं, स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा जेमतेम साठ किलोमीटरवर! रोम-व्हॅटिकन सोडलं तर युरोपात दोन राजधान्या इतक्या जवळ दुसरीकडे नाहीत म्हणे. टूरवाल्यांबरोबर जायचं नाही, आपलं आपण जायचं आणि झोपायला व्हिएन्नात परत. कोणी केलंय का? दुसरी कुठलीही राजधानी चालेल. काय फसलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

*

ब्रातिस्लाव्हा केलंय, सासूसासऱ्यांना घेऊन. व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफ स्टेशनवरून रेल्वेने साधारण तास लागतो. पण तिथे स्टेशनं दोन आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा. एक ह्लाव्ना स्तानित्सा, म्हणजे मुख्य स्टेशन. दुसरं पेत्रझाल्का, डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर. गाड्या दोन्हीकडे जातात, मार्ग वेगळे. आम्ही उतरलो मुख्य स्टेशनवर आणि परतीची वेळ बघून ठेवली होती पेत्रझाल्काची. संध्याकाळी मुख्य स्टेशनच्या फलकावर ती गाडी सापडेना. यांनी मोबाईल काढला, सासऱ्यांनी चष्मा काढला, तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहिलो, बाकी काही नाही. रात्रीची शेवटची गाडी असती तर मात्र रडायची वेळ होती. म्हणून सांगते, आधी परतीची गाडी आणि तिचं स्टेशन कागदावर लिहा, मग काय बघायचं ते ठरवा.

जुनं गाव पायी होतं. मिखाल्स्का दरवाजातून आत शिरलं की गल्ल्याच गल्ल्या. सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये 1563 ते 1830 हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत. सासऱ्यांना तिथे वेळ हवा होता, तो दिला. सासूबाई मात्र रमल्या चुमिलपाशी. गटाराच्या झाकणातून डोकं काढून, हातांवर हनुवटी टेकून बसलेला ब्राँझचा कामगार. लोक हात लावून लावून त्याचं डोकं चकचकीत झालंय. या वाकून त्याला म्हणतात, "अरे, सुट्टी कधी तुला?" किल्ला खालूनच छान दिसतो. 1811 च्या आगीत जळाला आणि विसाव्या शतकात पुन्हा उभारला, त्यामुळे आत सगळं नवंकोरं वाटतं. निळं चर्च बघायला मुद्दाम वाकडी वाट केली, तर दुपारी दार बंद. बाहेरून बघितलं, तेही चालतं. केकवरच्या आयसिंगसारखं आहे.

*

मी बोटीने गेलो होतो. व्हिएन्नातल्या श्वेडनप्लाट्झ चौकाजवळून सुटते. जाताना प्रवाहाबरोबर सव्वा तास, येताना प्रवाहाविरुद्ध दीड. रेल्वेपेक्षा बरीच महाग आणि थंडीत बंद असते. मी जाताना बोट, येताना रेल्वे केलं. तेच करा.

आणि जुनं गाव दोन-तीन तासांत आटपा, डेव्हिन चुकवू नका! यूएफओच्या पुलाखालून (वर उडत्या तबकडीसारखं रेस्टॉरंट असलेला डॅन्यूबवरचा पूल) 29 नंबरची बस मिळते. मोराव्हा नदी जिथे डॅन्यूबला मिळते, त्या संगमावरच्या कड्यावर हा पडका किल्ला आहे. 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने सुरुंग लावून उडवला. वर उभं राहिलं की दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात आणि पलीकडचा काठ ऑस्ट्रिया. शीतयुद्धात अलीकडच्या, किल्ल्याच्या काठावर काटेरी तारा होत्या. आता लोक तिथून सायकलने येतात-जातात. मी तासभर नुसता बसून होतो.

*

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. स्लोव्हाकिया 2007 पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश), 2009 पासून युरो, त्यामुळे सीमा कळतही नाही. तरी आमच्या डब्यात पोलीस चढले होते. शेजारचा मुलगा फोनमधला फोटो दाखवत होता, त्याची बरीच चौकशी झाली.

आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बुडापेस्टहून बेलग्रेडसारखे बेत आखू नका. सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे. गेलात की परत आत यायची पंचाईत.

*

आम्ही लंडनहून पॅरिसला जाऊन आलो. एका दिवसात करू नये, असं माझं मत. व्हिसे दोन वेगळे लागतात. गाडी सव्वादोन-अडीच तासांत पोचवते खरी, पण पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे, म्हणजे जातानाच तास गेला. परतीला पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवर फ्रान्सची आणि ब्रिटनची, दोन्ही तपासण्या गाडीत बसण्याआधी होतात, त्या रांगेसाठी शहरातून लवकर निघावं लागतं. वर आम्ही गेलो मंगळवारी. लूव्ह्र मंगळवारी बंद! काचेच्या पिरॅमिडसमोर फोटो काढून आलो.

*

हेलसिंकीहून टालिन, एस्टोनियाची राजधानी. फेरी, दोन तास. एकच वेळ, एकच चलन. बंदरातून जुन्या गावात चालत जाता येतं. परतीच्या बोटीत माणसांपेक्षा बिअरच्या खोक्यांच्या ट्रॉल्या जास्त, फिनलंडपेक्षा तिकडे स्वस्त ना. बोट सुटायच्या बऱ्याच आधी गेट बंद होतं आणि टर्मिनलं वेगवेगळी आहेत, तिकिटावर बघून घ्या. टाउन हॉल चौकातलं औषधांचं दुकान 1422 मध्येही होतं, अशी नोंद आहे. डोकेदुखीची गोळी मी तिथूनच घेतली!

*

सगळ्यांचे आभार. जाताना बोट, दुपारी डेव्हिन, येताना रेल्वे, असं ठरतंय. आईचे गुडघे दुखतात. डेव्हिनला चढ किती आहे?

*

बसथांब्यापासून किल्ल्याच्या दारापर्यंत फार नाही. आतला शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आणि दगडांचा. काकूंना खालच्या कुरणात बसवा, संगम तिथूनही दिसतो. आणि परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.